कुपर्टिनोतला टेलिटाइप

कुपर्टिनो म्हटलं की आपल्या मंडळींना आधी ॲपल आठवतं आणि मग तिथल्या घरांच्या किमती! पण ॲपल कंपनी निघाली १९७६ साली. त्याच्या अकरा वर्षं आधी, १९६५ मध्ये, भोवताली फळबागा असताना तिथल्या ग्रँट स्कूलच्या चौथीच्या वर्गात एक टेलिटाइप यंत्र आलं. टेलिफोनच्या तारेने ते स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या कॉम्प्युटरला जोडलेलं होतं. वर्गातली ४१ मुलं त्यावर रोज थोडा थोडा वेळ गणितं सोडवायची.

ही खटपट पॅट्रिक सूपीस यांची. गृहस्थ मूळचे तत्त्वज्ञ. अलेक्झांडरला जसा ॲरिस्टॉटल लाभला, तसा शिक्षक कॉम्प्युटरमुळे लाखो मुलांना मिळेल, असं त्यांनी १९६६ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं होतं. प्रत्यक्षातला ॲरिस्टॉटल मात्र खडखड करत कागदावर बेरजा-वजाबाक्या छापायचा! मुलाने उत्तर टाइप करायचं. चुकलं की पुन्हा तेच गणित, तरीही जमलं नाही तर यंत्रच उत्तर सांगे. गणितांच्या पाच पातळ्या होत्या. आज किती बरोबर आली त्यावरून उद्याची पातळी ठरे.

माझी मुलगी तिसरीत आहे. ती टॅब्लेटवर जे ॲप वापरते, त्यातले रंगीत प्राणी आणि चांदण्या बाजूला केल्या तर माझ्यासारख्या कॉम्प्युटरवाल्याला आत हेच दिसतं.

पुढे हा प्रयोग मिसिसिपीतल्या मॅकोम्ब गावातही झाला. तिथे पहिली ते सहावी सगळ्या इयत्तांत यंत्रावर सराव करणारी मुलं पुढे गेली, कॅलिफोर्नियात काहीच इयत्तांत. म्हणजे जिथे मुलं मागे पडली होती, तिथे उपयोग जास्त. आपल्या शाळाखोल्यांत घोकलेल्या ‘बे एके बे’चंही असंच नाही का? पाढ्यांना सराव लागतो, मग तो गुरुजी घेवोत की यंत्र.

पण याच सुमारास, १९६७ साली, मॅसॅच्युसेट्समध्ये सीमोर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. इथे सगळं उलटं! यंत्राने मुलाला प्रश्न विचारायचे नाहीत, मुलाने यंत्राला हुकूम सोडायचे. पुढे त्यात कासव आलं. इतकी पावलं पुढे जा, इतके अंश वळ. चौकोन काढायचा तर नव्वद अंशांत चार वेळा वळायला हवं, हे मुलाला चुकतमाकत स्वतःच सापडतं. मला हे जास्त भावतं, पण यात शिक्षकाला जवळ बसावं लागतं, धीर धरावा लागतो. शाळांना सरावाचं यंत्र सोयीचं वाटलं, यात नवल नाही.

आमच्या घरी सध्या दोन्ही चालू आहे. पाढे गाडीत, मोठ्याने, मराठीत. आणि रविवारी कासव. चौकोन झाला, त्रिकोणाला जरा रडारड झाली. आता पंचकोन चालू आहे. किती अंश वळायचं ते तिची आई आणि मी, दोघांनीही अजून सांगितलेलं नाही.