पाळीची नोंद ठेवणारी ॲप आणि गोपनीयता धोरण

मासिक पाळीच्या तारखा, गर्भधारणेची इच्छा, घेतलेल्या गोळ्या, शरीरसंबंध आणि मनाची अवस्था यांची नोंद ठेवणारी ॲप आता शहरी महिलांच्या नित्य वापरात आहेत. जून २०२२ मध्ये दिल्लीतील सिरोना या कंपनीने अशी नोंद थेट व्हॉट्सॲपवर ठेवण्याची सेवा सुरू केली. पाळीचा मागोवा घेणे, गर्भधारणा होणे किंवा ती टाळणे यांपैकी एक हेतू निवडून तारखा कळवल्या की पुढील तारखेची सूचना मिळते. वेगळे ॲप घेण्याची गरजच उरत नाही. मात्र अशा कोणत्याही सेवेत एक भेद लक्षात घ्यावा लागतो. व्हॉट्सॲपवरील संदेश वाटेत कोणाला वाचता येत नसला, तरी पलीकडे असलेली कंपनी तो वाचते आणि साठवते. तेथून पुढे त्या कंपनीचे गोपनीयता धोरण लागू होते.

हे धोरण न वाचता संमतीचे बटण दाबले जाते. त्याचे महत्त्व समजण्यासाठी डॉक्टरांवरील बंधन पाहणे उपयुक्त ठरेल. गर्भपातविषयक कायद्याच्या कलम ५ अ नुसार, गर्भपात करून घेतलेल्या महिलेचे नाव व तपशील डॉक्टरांना उघड करता येत नाहीत. कायद्याने अधिकार दिलेली व्यक्ती हाच त्याला अपवाद आहे. बंधन मोडल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. एका अविवाहित तरुणीने दिल्ली सरकारच्या आरोग्य विभागाविरुद्ध दाखल केलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी ही गोपनीयता आणखी विस्तारली. अल्पवयीन मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास, पोलिसांना द्यावयाच्या माहितीत तिची ओळख सांगण्याचे बंधन डॉक्टरांवर नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

ॲप चालवणारी कंपनी म्हणजे डॉक्टर नव्हे. चुकलेली पाळी, गर्भधारणेची नोंद आणि काही आठवड्यांनी पुन्हा सुरू झालेली पाळी हा सगळा क्रम कंपनीच्या संगणकावर साठतो. पण कलम ५ अ तिला लागू होत नाही. तिच्यावर बंधन असते ते माहितीविषयक सर्वसाधारण कायद्याचे आणि तिने स्वतः लिहिलेल्या धोरणाचे. सासर, नोकरीचे ठिकाण किंवा विमा कंपनी यांच्यापर्यंत अशी माहिती पोहोचली तर काय होईल, हे भारतीय महिलेला सांगावे लागत नाही.

धोरणातील काही वाक्ये वरकरणी निरुपद्रवी वाटतात. ‘सेवा सुधारण्यासाठी भागीदारांना माहिती दिली जाते’ या वाक्यातील भागीदार बहुधा जाहिरात किंवा विश्लेषण करणाऱ्या कंपन्या असतात. त्यांची नावे दिली आहेत काय, हे पाहावे. ‘ओळख पुसलेली माहिती’ म्हटले, तरी फोनचा जाहिरात क्रमांक आणि ठिकाण सोबत गेले असल्यास व्यक्ती पुन्हा ओळखता येऊ शकते. कंपनी विकली गेल्यास साठवलेली माहितीही नव्या मालकाकडे जाईल, असे कलम बहुतेकदा शेवटी असते आणि तेच सर्वांत कमी वाचले जाते. फोनवरून ॲप काढून टाकल्याने कंपनीकडील नोंदी पुसल्या जात नाहीत. त्यासाठी खाते बंद करून माहिती पुसण्याची स्वतंत्र मागणी करावी लागते. ती कोठे व कशी करायची, हे धोरणात स्पष्ट नसेल तर ते धोरण अपुरे समजावे.

अर्थात, धोरण वाचले म्हणजे सारे समजले असेही नाही. लंडनस्थित प्रायव्हसी इंटरनॅशनल या संस्थेने सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत बंगळुरूच्या माया या ॲपचा समावेश होता. वापरकर्तीने धोरण मान्य करण्यापूर्वीच, ॲप उघडताक्षणी फेसबुकला त्याची माहिती जात असल्याचे आढळले. त्यानंतर फेसबुककडे माहिती पाठवणारे घटक काढून टाकल्याचे कंपनीने कळवले. फ्लो या परदेशी ॲपने आरोग्याची माहिती खासगी ठेवण्याचे आश्वासन देऊनही ती फेसबुक, गूगल आदी कंपन्यांना दिल्याचा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने केला होता. ते प्रकरण २०२१ मध्ये तडजोडीने मिटले. त्याच ॲपसंबंधीच्या दाव्यात कॅलिफोर्नियातील ज्युरीने ऑगस्ट २०२५ मध्ये मेटा कंपनीला दोषी धरले.

भारतात २०११ च्या नियमांनी आरोग्याची माहिती संवेदनशील ठरवली आणि गोपनीयता धोरण प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संवेदनशील माहितीचा वेगळा वर्ग नाही. नागरिकाचा उल्लेख सर्वत्र ‘ती’ असा करणाऱ्या या कायद्यात स्त्रीच्या आरोग्याला खास स्थान मात्र मिळाले नाही. तरीही त्यातील काही तरतुदी मोलाच्या आहेत. संमती मागणारी सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याचा हक्क त्यात आहे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. कायद्यातच दिलेल्या उदाहरणानुसार, दूरवैद्यक सेवेच्या ॲपने फोनमधील संपर्कांची यादी मागितली आणि वापरकर्तीने होकार दिला, तरी ती संमती वैद्यकीय सेवेपुरतीच मानली जाईल. १८ वर्षांखालील मुलींच्या बाबतीत पालकांची पडताळलेली संमती लागेल आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवता येणार नाहीत.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, कंपन्यांवरील मुख्य बंधनांसाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत आहे. ती बंधने लागू झाल्यावर तक्रार प्रथम कंपनीकडे करावी लागेल. कंपनीने ती जास्तीत जास्त ९० दिवसांत निकाली काढायची आहे. समाधान न झाल्यास डेटा संरक्षण मंडळाकडे दाद मागता येईल. मंडळाचे मुख्यालय राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात असले, तरी त्याचे कामकाज डिजिटल पद्धतीने चालणार आहे. त्यामुळे नागपूरच्या किंवा बेळगावच्या महिलेला तक्रारीसाठी दिल्लीला जावे लागणार नाही.