ओल्या कपड्यातील पाण्याची किंमत

अप्रकट उष्म्याचा पाठ शिकवताना माठ हमखास येतो. माठातले पाणी गार का होते, हे नववीचा विद्यार्थी झोपेतही सांगेल. एकदा आम्ही माठ बाजूला ठेवला आणि विचारले, "ड्रायर कपडे कसे वाळवतो?" जवळजवळ सगळ्या वर्गाने एकमुखाने उत्तर दिले, "गरगर फिरवून!" एका मुलीने मात्र हळूच शंका काढली, "पण सर, त्यातून काढलेले कपडे आई परत दोरीवर घालते."

तिची शंका बरोबर होती. आपल्याकडे ज्याला ड्रायर म्हणतात, ते कपडे वाळवणारे यंत्रच नव्हे. ते कपडे पिळणारे यंत्र आहे. अमेरिकेत ज्याला ड्रायर म्हणतात, ते मात्र खरोखर वाळवते. नाव एकच, पण दोन्हींच्या विजेच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो का पडला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१७६२ च्या सुमारास ग्लासगो विद्यापीठात जोसेफ ब्लॅक यांनी दाखवून दिले, की उकळत्या पाण्याला कितीही उष्णता दिली तरी त्याचे तापमान वाढत नाही. ती सारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. हा खर्च मोठा आहे. ३० अंश सेल्सिअसला एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,४३० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ ०.६७ युनिट वीज लागेल इतकी ऊर्जा लागते. यात कोणतीही चलाखी चालत नाही. कपड्यातून एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने जायचे, तर एवढी उष्णता कोणीतरी दिलीच पाहिजे: सूर्याने, हवेने, चुलीने किंवा विजेच्या मीटरने.

थंड प्रदेशांत ती चुलीनेच दिली. १८०० च्या सुमारास फ्रान्समधील पोशाँ नावाच्या गृहस्थाने भोके पाडलेले धातूचे पिंप केले. त्यात ओले कपडे भरायचे आणि विस्तवावर हाताने फिरवत राहायचे. कपड्यांना धुराचा वास लागे, प्रसंगी ते करपतही. पुढे अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात जे. रॉस मूर या तरुणाला एक दृश्य सहन होईना. कडाक्याच्या हिवाळ्यात त्याची आई बाहेर दोरीवर कपडे घालत असे आणि ते गोठून फळकुटासारखे ताठ होत. त्याने एका खोपटात तेलाच्या शेगडीवर फिरणारे पिंप बसवले. त्याच्या कल्पनेवर आधारलेले यंत्र विस्कॉन्सिनमधील हॅमिल्टन कंपनीने १९३८ मध्ये बाजारात आणले. त्या आईचा त्रास खरा होता, हे विसरून चालणार नाही. कपडे वाळवणे हे सगळीकडे बायकांच्याच वाट्याला आलेले काम आहे आणि तिथे ते बोटे बधिर करणारे होते. पण एकदा यंत्र रुळल्यावर ते भरपूर ऊन असलेल्या प्रदेशांतही पोचले. तापत्या तारेच्या साध्या ड्रायरला प्रत्यक्षात लिटरमागे सुमारे एक युनिट वीज लागते, कारण गरम दमट हवा नळीतून सरळ बाहेर सोडली जाते.

दुसऱ्या यंत्राचे कूळ अगदी वेगळे. १८३६ मध्ये फ्रान्समध्ये पेंझोल्ट याने कापडातले पाणी झटकून टाकणाऱ्या फिरत्या जाळीदार पिंपाचे पेटंट घेतले. थोड्याच वर्षांत तेच तत्त्व साखरेच्या धंद्यात गेले. आपल्या साखर कारखान्यांत मळीपासून साखरेचे दाणे वेगळे करणारे सेंट्रिफ्यूगल यंत्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी आपल्या धुलाई यंत्रातल्या ड्रायरचा थोरला भाऊच पाहिला आहे. इथे पाण्याची वाफ होत नाही. पाणी द्रवरूपातच धाग्यांच्या फटींतून बाहेर फेकले जाते, त्यामुळे अप्रकट उष्म्याचा प्रश्नच येत नाही. ११ सेंमी त्रिज्येचे पिंप मिनिटाला १,३०० फेरे घेते, तेव्हा कडेच्या पाण्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दोनशे पट बल येते. (विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.) दीडशे वॉटची मोटर पाच मिनिटे चालली, तर वीज लागते ०.०१२५ युनिट. हाताने पिळलेल्या कपड्यांतून या पाच मिनिटांत आणखी एक लिटर पाणी निघाले असे धरा. तेच पाणी तापवून घालवायला सुमारे ऐंशीपट वीज लागेल.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनच्या धुलाई यंत्राची जाहिरात दूरदर्शनवर घरोघरी पोचली. यंत्र कपडे धुते आणि वाळवतेही, असे ती सांगे. आमच्या मते ड्रायर या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ तेव्हाच पक्का झाला. शब्द चुकला, पण यंत्र योग्य आले! कारण उरलेले काम करणारा कारागीर आपल्याकडे फुकट होता.

तो किती काम करतो, याची नोंद परभणीत रोज होते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या तेथील कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत सुमारे १२० सेंमी व्यासाचे आणि २५ सेंमी खोल उघडे बाष्पनपात्र असते. त्यातील पाणी रोज किती मिलिमीटर उतरले, ते मोजतात. हे आकडे पिकांना पाणी देण्यासाठी लागतात, पण कपड्यांनाही तेच लागू आहेत. परभणी भागात मे महिन्यात दिवसाचे बाष्पीभवन १० मिलिमीटरच्या वर जाते, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवरून १० लिटर पाणी उडून जाते.

आता एक सुती नऊवारी घेऊ. तिचे क्षेत्रफळ सुमारे नऊ चौरस मीटर. पिळल्यावर तिच्यात ६०० ग्रॅम पाणी राहिले, तर पसरलेल्या लुगड्यावर त्याचा थर भरतो मिलिमीटरचा जेमतेम पंधरावा हिस्सा. मेमधल्या दुपारी तासाला एक मिलिमीटरहून अधिक पाणी उडते, तेव्हा हा थर उडायला चार-पाच मिनिटे पुरेत. धाग्यांच्या आतले शेवटचे पाणी हट्टी असते, म्हणून प्रत्यक्षात वेळ थोडा जास्त लागतो. गोदावरीकाठी दगडांवर पसरलेले लुगडे बाकीचे धुणे होईपर्यंत वाळत असे, ते यामुळेच. जीन्सची गोष्ट निराळी. तिच्यात पाणी तेवढेच राहते, पण कापड दीड चौरस मीटर. पाण्याचा थर सहापट जाड, शिवाय खिसे आणि कमरपट्टा दुहेरी. वाळवण्याचा प्रश्न पूर्वी एवढा जाणवत नव्हता, याचे एक कारण कपड्यांतच आहे.

पावसाळ्यात मात्र हा फुकटचा कारागीर सुस्तावतो. ऑगस्टमध्ये पात्रातला आकडा तीन-चार मिलिमीटरच्या घरात येतो आणि माजघरातल्या दोरीवर कपडे कुबट होतात. अशा वेळी तापवणाऱ्या ड्रायरचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण परभणीच्या वाचकाने त्या विजेचा माग काढावा. शेजारच्या परळीचे औष्णिक वीज केंद्र १९७१ पासूनचे. त्याला पाणी मिळते ते परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात, खडका येथे गोदावरीवर बांधलेल्या बंधाऱ्यातून. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले आणि २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. शीतन मनोरे असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची कमाल मर्यादा ठरवून दिली. ती पाळली असे धरले तरी, कपड्यातले तीन लिटर पाणी घालवायला तीन युनिट वीज, आणि ती करायला दहा लिटर पाणी! एका जागी तीन लिटर उडवण्यासाठी दुसऱ्या जागी दहा लिटर उडवायचे, आणि तेही मराठवाड्यात.

युरोपने यावर तोड काढली आहे. १९९७ च्या सुमारास तेथे उष्णता पंपाचे ड्रायर विक्रीस आले. दमट गरम हवा बाहेर न सोडता ती थंड करायची, वाफेचे पाणी होताना जो अप्रकट उष्मा परत मिळतो तो पकडायचा आणि त्यानेच हवा पुन्हा तापवायची. विजेचा खर्च निम्म्यावर येतो. स्वित्झर्लंडने २०१२ पासून नव्या विक्रीसाठी हेच यंत्र सक्तीचे केले. यंत्र हुशार आहे, पण महागही आहे.

आपल्याला सोपा उपाय आहे. आधी कपडे पिंपात नीट फिरवून घ्यायचे, मग दोन कपड्यांत चार बोटे अंतर ठेवून, खिडकी उघडी टाकून पंखा लावायचा. ३० वॉटचा पंखा पाच तास चालला तरी ०.१५ युनिटच होते. इथे वाफेसाठी लागणारी उष्णता खोलीतल्या हवेकडून येते. पंख्याचे काम फक्त कपड्याला चिकटलेली दमट हवा हटवण्याचे.

हे सारे वर्गात करून पाहता येते. सारख्या मापाचे दोन सुती टॉवेल भिजवून पिळावेत. एक चौघडी करून दोरीवर टाकावा आणि दुसरा एकेरी पसरावा. किराणा दुकानातला तराजू चालेल. दर पंधरा मिनिटांनी वजन करून आलेख काढला, की पाण्याचा थर जाड असल्याने काय फरक पडतो ते दिसते. हाच प्रयोग एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये, असा दोनदा करावा आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर काढावेत. जीन्स आणायला मुले आनंदाने तयार होतात.