दोनशे सत्तरच्या आत

१९ मार्च २०००. नागपूरचं जुनं व्हीसीए मैदान, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. मी नऊ वर्षांचा होतो. शेजारी बाबा गुडघ्यावर वही ठेवून स्कोअर लिहीत होते. हर्शेल गिब्सनं ५३ चेंडूंत ७४ धावा कुटल्या आणि माझा चेहरा पडला. आफ्रिका ७ बाद ३२०. आपण १० धावांनी हरलो. घरी येईपर्यंत मी कुणाशी बोललो नाही.

हा सामना परवा मावसभावामुळे आठवला. त्यानं मोबाइल पुढे केला. "दादा, कोण जिंकणार हे सांगायचंच नाही. दोन्ही टीमचे मिळून रन किती, एवढंच." पडद्यावर आकडा होता ३४०.५. जास्त की कमी? (पैसे लावायचे असे ऑनलाइन खेळ २०२५च्या कायद्यानं बंद झालेत. याचं अ‍ॅप कुठल्याशा लिंकवरून आलेलं.)

क्रिकेटमध्ये अर्धी धाव नसते. ती तिथं असते बरोबरी होऊ नये म्हणून. भावाला वाटत होतं, हा छापा-काटाच. पण १०० रुपये लावून जिंकल्यावर वर ९०च मिळत होते. म्हणजे नुसता तोटा टाळायचा तरी शंभरात जवळपास ५३ वेळा बरोबर यावं लागतं. आणि तो आकडा काही भविष्य नसतो. पैसा एकाच बाजूला वाहू लागला की तोही सरकवतात.

मुंबईच्या मटक्यातही बेरीजच होती: तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, शेवटचा अंक घ्यायचा. पण पत्त्यांना कर्णधार नसतो.

आफ्रिकेच्या संघाला होता. ७ एप्रिलला दिल्ली पोलिसांनी हन्सी क्रोनिएचं नाव घेतलं. जूनमध्ये केपटाऊनला किंग आयोगासमोर साक्षी झाल्या, तेव्हा आमच्या नागपूरच्या सामन्याचा हिशेब बाहेर आला. गिब्सनं २०च्या आत बाद व्हायचं. हेन्री विल्यम्सनं गोलंदाजीत ५०हून जास्त धावा द्यायच्या. दोघांना प्रत्येकी १५,००० डॉलरची लालूच. आणि संघाची धावसंख्या २७०च्या आत राहायची.

यात 'सामना हरा' असं कुठंच नाही. २६९ करूनही जिंकता येतं. मला या पैजेतली सगळ्यात घातक गोष्ट हीच वाटते. देशाशी गद्दारी करायला सहज तयार न होणारा माणूस चार धावा इकडेतिकडे करायला तयार होतो. गिब्सनं होकार दिला होता. मग मैदानात उतरल्यावर तो खेळतच सुटला. विल्यम्सचा खांदा ११ चेंडूंतच दुखावला. बेत फसला, तरी दोघांवर वर्षअखेरपर्यंत बंदी आली. क्रोनिएवर आजन्म.

भाऊ म्हणाला, "मग गिब्स खेळला तर खराच ना?"

बाबांनीही त्या जूनमध्ये पेपर वाचता वाचता हेच विचारलं होतं. आईला, मला, नंतर शेजारच्या काकांना. कुणालाच उत्तर देता आलं नाही.

ती वही अजून घरी आहे. त्यापुढची पानं कोरी आहेत. शेवटच्या सामन्याखाली निळ्या शाईत ३२० लिहिलंय आणि त्याच्या शेजारी, नंतर कधीतरी, पेन्सिलीनं २७०.