स्मार्टफोन-वापराचा अभ्यास

माणसे रोजच्या व्यवहारात प्रगत मोबाइल फोन कसा वापरतात, याचा शोध घेणारे संशोधन. मानवशास्त्र आणि संगणकशास्त्र या दोन्ही शाखांचा त्यात मोठा वाटा आहे.

‘फोनवर किती वेळ घालवता?’ या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबता येत नाही. लोकांनी सांगितलेला वापर आणि फोनमध्ये नोंदला गेलेला वापर यांचा मेळ जेमतेमच बसतो, असे 2021 मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेव्हियर’मधील आढाव्यात दिसले. म्हणूनच फोनलाच टिपणे घ्यायला लावण्याची पद्धत रुजली. अमेरिकेतील एमआयटीत नेथन ईगल व ॲलेक्स पेंटलंड यांनी 2004 मध्ये सुरू केलेला ‘रिॲलिटी मायनिंग’ हा त्यातला गाजलेला प्रयोग. विद्यार्थी व कर्मचाऱ्यांना शंभर नोकिया 6600 फोन दिले गेले. हेलसिंकीत विकसित झालेले सॉफ्टवेअर त्यांत कॉल, जवळचा टॉवर आणि दर पाच मिनिटांनी ब्लूटूथच्या टप्प्यात आलेले इतर फोन नोंदवत असे. कामाच्या जागेबाहेर, सुट्टीच्या दिवशी कोणाचे फोन एकमेकांजवळ असतात, एवढ्यावरून मैत्री बऱ्याच अचूकपणे ओळखता आली. संशोधनासाठी हे यश मोठे होते. ज्याच्या खिशात फोन आहे त्याला मात्र धास्तीच वाटावी.

नोंदीवरून हेतू कळतोच असे नाही. भारतात एकेकाळी सर्रास चालणारा मिस्ड कॉल यादीत शून्य सेकंदांचा दिसे. तो ‘पोचलो’ म्हणून दिला की ‘तूच फोन कर’ म्हणून, हे देणारा-घेणाराच जाणे. रवांडा व इतर देशांतील या चालीरीतींवर जोनाथन डॉनर यांनी 2007 मध्ये लिहिले. ज्याची ऐपत जास्त त्याने उलट फोन करायचा, हा तिथला मुख्य दंडक; आणि मुलीच्या मागे असलेल्या तरुणाने तिला मिस्ड कॉल देणे म्हणजे स्वतःची पत घालवणे.

नोकियासाठी जगभर हिंडून पाहणी करणाऱ्या यान चिपचेस यांना युगांडात ‘सेंटे’ ही पद्धत आढळली. शहरातला मुलगा रिचार्ज कार्ड घेई आणि त्यावरचा आकडा गावातल्या फोनवाल्याला फोनवरून वाचून दाखवी. फोनवाला तो बॅलन्स आपल्या फोनमध्ये भरी, आपले कमिशन कापून घेई आणि उरलेली रक्कम मुलाच्या घरी रोख देई. दूरसंचार कंपनीच्या दप्तरी हे फक्त रिचार्ज. शेजारच्या केनियात मोबाइलवरून पैसे पाठवण्याची रीतसर सेवा, एम-पेसा, 2007 मध्ये सुरू झाली.