गिटमधला बग फिक्स : ‘सेफ.डिरेक्टरी’ दोनदा का दुरुस्त करावी लागली?

गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर. लिनस टोरवाल्ड्सने ते 2005 मध्ये बनवलं. पण बग खुद्द गिटमध्येच निघाला तर?

समजा, शहापूर किंवा मुरबाडच्या एखाद्या कॉम्प्युटर क्लासमध्ये एकाच मशीनवर दोन बॅचची मुलं बसतात. एकाने सी ड्राइव्हवर ‘.गिट’ नावाचं फोल्डर बनवून ठेवलं, की दुसऱ्याच्या लॉगिनमधलं गिट त्यातली सेटिंग वाचून तिथली कमांडही चालवू शकायचं. 12 एप्रिल 2022 च्या 2.35.2 व्हर्जनमध्ये फिक्स आला: फोल्डरचा मालक दुसराच असेल तर गिट थांबणार. विश्वासातल्या फोल्डरचा पत्ता ‘सेफ.डिरेक्टरी’ सेटिंगमध्ये द्यायचा.

गंमत म्हणजे हा कोड सेटिंगचं नावच तपासत नव्हता! भलत्याच सेटिंगमध्ये तो पत्ता असला, तरी फोल्डर सुरक्षित ठरायचं. योग्य सेटिंग देऊन पाहिलं तर सगळं नीट चालतं, म्हणून अशी चूक नजरेतून सुटते. 2.35.3 मध्ये ती सुधारली, सोबत टेस्टही आली: पत्ता बरोबर, नाव चुकीचं, गिटने नकार द्यायलाच हवा. फिक्सचा रिव्ह्यू करताना आधी असंच काहीतरी देऊन बघा.

फोनवर टर्मक्समध्ये, शेअर्ड स्टोरेजवर दिसणारा ‘डिटेक्टेड ड्युबियस ओनरशिप’ एरर याच तपासणीतून येतो. तिथे फक्त त्या फोल्डरचा पत्ता द्या. स्टार (*) टाकला तर सगळीच फोल्डर्स सुरक्षित धरली जातात. क्लासच्या मशीनवर तर तो नकोच.