शारदा सदनाची तिजोरी कुणाच्या हाती होती?

मागच्या काही भागांत आपण गटाच्या हिशोबाबद्दल बोललो. बँकेतून पैसे काढायला सही कुणाची, इतिवृत्त कोण लिहितं, बाहेरून अनुदान आलं तर ते कोणत्या अटीवर येतं, असं सगळं. आज आम्ही एका जुन्या शाळेची गोष्ट सांगणार आहोत. शाळेचं नाव शारदा सदन आणि ती काढणाऱ्या पंडिता रमाबाई. रमाबाई विदुषी होत्या, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. पण मुली राहणार, जेवणार, शिकणार, तर रोजचा खर्च कोण करत होतं? आणि खर्च करणारा काय म्हणत होता? ही बाजू फारशी सांगितली जात नाही. आम्हाला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

सुरुवात होते परदेशात. रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तिथून 1886 साली त्या अमेरिकेला गेल्या, कारण आपल्या आनंदीबाई जोशी तिथे डॉक्टर होत होत्या. फिलाडेल्फियातला तो पदवीदान समारंभ 11 मार्चचा. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अमेरिकेत रमाबाईंनी गावोगाव व्याख्यानं दिली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. लहान वयात विधवा झालेल्या मुलींसाठी राहण्याची शाळा काढायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. हाताशी पैसा नव्हता. मग डिसेंबर 1887 मध्ये बोस्टन शहरात 'रमाबाई असोसिएशन' नावाचा संघ उभा राहिला. त्याचे अध्यक्ष होते एडवर्ड एव्हरेट हेल नावाचे धर्मोपदेशक. उपाध्यक्षांत दारूबंदी चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड होत्या. रोजचं काम बघणाऱ्या कार्यकारी समितीच्या प्रमुख होत्या ज्युडिथ अँड्र्यूज. पैसा आणि मालमत्ता सांभाळायला विश्वस्त नेमले.

आता हा पैसा कुठून आला ते ऐका, कारण आपल्याला ते ओळखीचं वाटेल. एखाद्या राजाने किंवा गिरणीमालकाने थैली सोडली नव्हती. अमेरिकेत ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल' नावाची मंडळं निघाली. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा आणि तो दहा वर्षं देत राहायचा. चर्चला जाणाऱ्या साध्या बायका, शिक्षिका, विद्यार्थिनी यांनी अशी वर्गणी जमवली. म्हणजे आपल्या गटासारखंच, थेंबाथेंबाने. अमेरिकेतल्या बायका सभा कशा भरवतात, संस्था कशा चालवतात, हे रमाबाई बारकाईने बघत होत्या. 1889 साली निघालेल्या त्यांच्या मराठी प्रवासवर्णनात त्यावर पुष्कळ मजकूर आहे.

या वर्गणीबरोबर एक अट होती. देणारे लोक ख्रिस्ती होते, पण वेगवेगळ्या पंथांचे. एका पंथाचं दुसऱ्याशी जमत नव्हतं. शिवाय शाळेत यायच्या होत्या त्या मुली हिंदू घरातल्या. म्हणून असं ठरलं की शाळेत कुठल्याच धर्माचं शिक्षण द्यायचं नाही. मुलींनी आपले सोवळे-ओवळे, उपासतापास पाळावेत, त्यात कुणी आड येऊ नये. रमाबाई स्वतः ख्रिस्ती असल्या तरी हे मान्य करूनच परतल्या.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. बघा, तीच तारीख. पहिल्या मुलींतली एक होती गोदूबाई, पुढे त्याच धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. दीड-दोन वर्षांत सदन पुण्याला हललं आणि तिथे संघाच्या पैशातून त्याला स्वतःची जागाही मिळाली.

कारभार तीन ठिकाणी वाटलेला होता. तिजोरी बोस्टनच्या विश्वस्तांकडे. रोजचा संसार रमाबाईंकडे, म्हणजे किराणा, मास्तर, दुखणीखुपणी, मुलींच्या नातेवाइकांची बोलणी. तिसरं होतं इथलं सल्लागार मंडळ. त्यात न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर अशी मोठी माणसं होती. त्यांच्या हातात पैसा नव्हता, पण त्यांचं नाव होतं. रानडे पाठीशी आहेत म्हटल्यावर एखादा बाप आपली विधवा लेक तिथे ठेवायला धजावत असे. तेव्हा केशवपन केलेली मुलगी घराबाहेर शिकायला पाठवायची म्हणजे वाळीत पडायची भीती. त्यामुळे या नावांची किंमत डॉलरपेक्षा कमी नव्हती, असं आमचं मत आहे.

आणि नेमका तिथेच तडा गेला. रमाबाई आपल्या खोलीत बायबल वाचत, प्रार्थना करत. खोलीचं दार त्या उघडं ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणाला बोलावत नाही, आणि आलेल्या मुलीला हाकलतही नाही. माझ्या घरात मी माझा धर्म का लपवू? सल्लागार म्हणाले, ही लहान मुलं आहेत, त्यांचे पालक आमच्या भरवशावर आहेत, आणि ठरलेल्या अटीला हे धरून नाही. टिळकांच्या 'केसरी'ने तर आधीपासूनच टीकेचा सूर लावलेला होता. 1893 च्या ऑगस्टमध्ये रानडे-भांडारकर मंडळी सदनातून बाहेर पडली. पालक धावत आले. वीसहून जास्त मुली घरी नेल्या गेल्या.

खरं कोणाचं, यावर पुस्तकं लिहिली गेली आहेत. आम्हाला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं. अट लेखी असली तरी उघड्या दाराबद्दल तिच्यात काय लिहिणार? पण एक गोष्ट आम्हाला सारखी टोचते. बोस्टनमध्ये विश्वस्त होते, पुण्यात सल्लागार होते, मध्ये रमाबाई होत्या. ज्या मुलींचं पाटी-पुस्तक त्या महिन्यात सुटलं, त्यांना कोणी विचारलं नाही. त्यांचा एक माणूस कुठल्याच मंडळावर नव्हता. त्यातल्या काहींना परत जाऊन कुठल्या अंधाऱ्या खोलीत बसावं लागलं असेल, याचा अंदाज आपल्यातल्या म्हाताऱ्या बायांना असेल.

बोस्टनने मात्र हात काढून घेतला नाही. तिथल्या समितीने चौकशी केली, रमाबाईंवर विश्वास कायम ठेवला आणि वर्गणी येत राहिली. पण दहा वर्षांचं वचन संपणार होतं 1898 साली. रमाबाईंना हे दिसत होतं. त्यांनी पुणे जिल्ह्यात केडगावला, दौंडच्या वाटेवर रेल्वेच्या बाजूला, जमीन घेतली. विचार साधा होता: विहिरी खणायच्या, फळझाडं लावायची, आणि अमेरिकेतला डॉलर थांबला तर बागेच्या उत्पन्नावर मुली जगतील. शेती करणाऱ्या बाईला हा हिशोब समजावून सांगायला नको. झाड लावलं की फळ यायला वर्षं लागतात, म्हणून मुदत संपायच्या आधीच लावायचं.

बाग मोठी व्हायच्या आतच 1896 चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात लोक रस्त्यावर मरत होते. रमाबाईंचे आईवडील 1874 च्या सुमारास दुष्काळातच गेले होते, त्या भुकेला त्या विसरल्या नव्हत्या. त्या तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. त्यात सगळ्या जातींच्या होत्या, सगळ्या विधवाही नव्हत्या. बोस्टनचं वचन होतं ते शारदा सदनाच्या विधवा मुलींसाठी. यांना कुठल्या खात्यातून जेवू घालायचं? त्यातून केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. 'मुक्ती' उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तिला जिथून मिळेल तिथून देणग्या येत होत्या.

1898 साली रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या. जुना संघ मोडून नवा बांधला गेला आणि धर्म शिकवायचा नाही ही जुनी अट त्यात राहिली नाही. म्हणजे पैशाची वाट मोकळी झाली, पण पुण्याच्या भरवशाची वाट बंद झाली ती झालीच. 1900 च्या दुष्काळानंतर केडगावला सुमारे दोन हजार जणी होत्या. विणकाम, छापखाना, दूधदुभतं, तेलाचा घाणा, सगळं बायकाच चालवत.

इकडे कर्व्यांनी 1896 साली पुण्यात विधवांसाठी आश्रमाची संस्था काढली, ती पुढे हिंगण्याला गेली. कर्व्यांनी स्वतः विधवेशी लग्न केलेलं, तेही 1893 साली, 11 मार्चलाच. तरी आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही असं त्यांना ठरवावं लागलं. नाहीतर रुपया-आठ आणे देणारा पुण्याचा माणूस दार लावून घेता. अट इथेही होतीच, फक्त ती आपल्या माणसांची होती.

त्याच आश्रमासाठी आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले दारोदार वर्गणी मागत फिरल्या. त्याही विधवा, अक्षरओळख मोठेपणी झालेली. 1918 साली त्या इंग्रजी धड येत नसताना एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी भांडी-झाडलोट करून भाषा शिकल्या, सभांतून बोलल्या आणि हिंगण्यासाठी निधी घेऊन 1920 साली परत आल्या. पार्वतीबाईंनी आपली कहाणी स्वतः लिहून ठेवली आहे. पुढच्या बुधवारी आपण तीच गोष्ट सविस्तर ऐकू.