अँब्युलन्समध्ये कोण बसतं, हे कोण ठरवतं?

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे अँब्युलन्स ड्रायव्हरवर पीएचडी?" हसू येतं, पण प्रश्न अगदीच चुकीचा नाही. साठ वर्षांपूर्वी जगात बऱ्याच ठिकाणी अँब्युलन्स म्हणजे खरंच एक गाडी, एक ड्रायव्हर आणि मागे एक स्ट्रेचर, एवढंच असायचं.

आधी आजचं चित्र बघू. महाराष्ट्रात १०८ ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी. त्यातल्या ७०४ प्राथमिक जीवरक्षक सोयींच्या आणि २३३ व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर, अनेकदा बीएएमएस झालेला, अशी ही रचना. हाच नंबर तुम्ही तेलंगणात फिरवलात, तर सहसा ईएमटी येतो, म्हणजे तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेला, पण डॉक्टर नसलेला माणूस. फ्रान्समध्ये रुग्ण गंभीर असेल तर डॉक्टर स्वतः गाडीतून घरी पोचतो. अमेरिकेत पॅरामेडिक येतो. हार्ट अटॅक सगळीकडे सारखाच, मग येणारा माणूस वेगळा का?

उत्तर शोधायला पिट्सबर्गला जावं लागतं. १९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा एक अहवाल आला. त्यात नोंद होती की देशातली सुमारे निम्मी अँब्युलन्स सेवा १२,००० अंत्यसंस्कार व्यावसायिक चालवतात. कारण साधं होतं. माणसाला आडवं झोपवून नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असायची! पिट्सबर्गमध्ये हे काम पोलीस करत. रुग्णाला गाडीत घालायचं आणि दवाखाना गाठायचा. वाटेत उपचार? ते कुणाचंच काम नव्हतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स पिट्सबर्गमध्ये एका सभेत कोसळले. पोलिसांच्या गाडीतून त्यांना हॉस्पिटलात नेलं, हृदय पुन्हा सुरूही झालं, पण मेंदू वाचला नाही. तिथले भूलतज्ज्ञ पीटर सफार यांनी तोंडाने श्वास देण्याचं आणि छाती दाबण्याचं तंत्र एकत्र आणून लोकांपर्यंत पोचवलं होतं. त्यांची स्वतःची लहान मुलगी त्याच वर्षी दम्याच्या झटक्याने गेली होती. त्यांचं म्हणणं असं, की उपचार रस्त्यावरच सुरू व्हायला हवेत आणि त्यासाठी डॉक्टरच लागतो असं नाही. नीट शिकवलेला माणूस पुरे.

मग शिकवायचं कुणाला? इथे गोष्ट रंजक होते. १९६७ मध्ये 'फ्रीडम हाउस' ही सेवा उभी राहिली, हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत. पहिल्या तुकडीत तिथलेच बेरोजगार तरुण होते. काहींनी शाळाही पूर्ण केली नव्हती. त्यांना सुमारे ३०० तासांचं प्रशिक्षण मिळालं. तुलनेसाठी सांगते, पुढे देशभर ईएमटीसाठी जो पहिला प्रमाणित अभ्यासक्रम आला, तो होता ८१ तासांचा.

आजच्या दोन पायऱ्यांमधला फरक इथेच दिसतो. ईएमटी रक्तस्राव थांबवतो, ऑक्सिजन देतो, मोडलेलं हाड आधार देऊन बांधतो, छाती दाबतो. पॅरामेडिक त्याच्यापुढे जातो. तो ईसीजी वाचतो, शिरेतून औषध देतो, श्वासनलिकेत नळी घालतो. या दुसऱ्या पायरीचा एक पाया फ्रीडम हाउसने घातला. १९७४ मध्ये डॉ. नॅन्सी कॅरोलाइन तिथे आल्या आणि तिथल्या अनुभवातून त्यांनी लिहिलेला अभ्यासक्रम राष्ट्रीय पॅरामेडिक प्रशिक्षणाचा आधार ठरला.

आणि त्या तरुणांचं काय झालं? १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद पडलं. कर्मचाऱ्यांना सामावून तर घेतलं, पण नव्या परीक्षा आल्या, जुने गुन्हे उकरून काढले गेले, काहींना उपचारांपासून दूरची कामं दिली आणि त्यांच्यापेक्षा कमी अनुभवाचे गोरे सहकारी त्यांच्यावर बसवले. एकेक जण बाहेर पडत गेला. ज्यांनी पायरी बांधली, त्यांनाच सांगितलं गेलं की तुम्ही या पायरीवर बसत नाही.

मला या गोष्टीतून हेच दाखवायचंय. प्रशिक्षणाच्या पायऱ्या आवश्यकच आहेत, अर्धवट शिकलेल्याने नळी घातलेली तुम्हाला-मला चालणार नाही. पण पायऱ्या फक्त वैद्यकशास्त्र ठरवत नाही. गाडी कुणाकडे आहे, शिकलेली माणसं कोणती उपलब्ध आहेत, कुणावर विश्वास ठेवायची समाजाची तयारी आहे, हेही ठरवतं. माझ्या मते आपल्या १०८ मध्ये डॉक्टर दिसतो तोही याच हिशेबातून. आपल्याकडे पदवीधर डॉक्टर पुष्कळ आहेत, आणि 'डॉक्टर आले' या दोन शब्दांनी घरच्यांचा जीव भांड्यात पडतो.

तेव्हा पुढच्या वेळी अँब्युलन्सला वाट करून देताना आत कोण आहे याचा विचार जरूर करा. त्याला काय येतं, हा एक प्रश्न. त्यातलं काय करायची त्याला परवानगी आहे, हा दुसरा. माझा सगळा प्रबंध या दोन प्रश्नांमधल्या फटीत बसलाय.